नकाशावर दोन मिलिमीटरची वाडी

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी माझ्या कामाबद्दल, म्हणजे पूर आणि दरडींच्या धोक्याचे नकाशे करण्याबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी तर आपापल्या गावाचे हाताने काढलेले नकाशेच पाठवले आणि ते बघण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारख्या प्रश्नांतला एकेक निवडला आहे. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं. मग एवढे उपग्रह, एवढे नकाशे कशासाठी? आमच्यासारख्यांनी या याद्यांवर विश्वास ठेवायचा की नाही?
(निवृत्त शिक्षक, महाड तालुका)

गुरुजी, यादीत नाव असेल तर विश्वास ठेवा. नाव नसेल तर मात्र निर्धास्त होऊ नका. हे उत्तर चुकवाचुकवीचं वाटेल, म्हणून कारण सविस्तर सांगते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१४-१५ पासून देशातल्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे करायला घेतले. सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचा मुलूख. आपला सह्याद्री त्यातच आला. या नकाशांचं प्रमाण एकास पन्नास हजार. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. चाळीस-पंचेचाळीस घरांची दाटीने वसलेली वाडी धरून चालू शंभर मीटरची. ती या नकाशावर दोन मिलिमीटर भरते. पेन्सिलीचं टोक टेकवलं की झाकली. तालुक्यातल्या कुठल्या डोंगररांगेकडे आधी लक्ष द्यायचं, एवढं सांगण्यासाठी हा नकाशा उत्तम आहे. अमुक घराच्या मागचा उतार सुटेल का, हे त्याला विचारायचं नसतं. त्यासाठी त्याच रांगेत पायी फिरून, एकास दहा हजार किंवा त्याहून मोठ्या प्रमाणावर पुन्हा काम करावं लागतं. ते काम चिकाटीचं आहे, वेळखाऊ आहे आणि त्याच्या उद्घाटनाला कुणी येत नाही. त्यामुळे ते मागे पडतं.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. प्रवणतेचा नकाशा रंगवतो तो सुटू शकणारा उतार. उभा उतार लाल, मध्यम उतार पिवळा, सपाटी हिरवी. आता आपली माणसं घरं कुठे बांधतात? डोंगराच्या पायथ्याशी, जरा सपाटी बघून, पाण्याच्या जवळ. म्हणजे नकाशातल्या हिरव्या पट्ट्यात. वरचा लाल पट्टा सुटला की तो खाली येऊन थांबतो नेमका त्याच हिरव्यावर. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये डोंगरात सुटलेला राडारोडा नदीच्या पात्रातून काही किलोमीटर खाली चूरलमलापर्यंत गेला. खालच्या लोकांच्या डोक्यावर उतार नव्हता, शेजारून नदी होती. म्हणून नकाशा दोन भागांत वाचायचा. कुठून सुटेल हा एक भाग आणि सुटलेलं कुठवर येईल हा दुसरा. दुसऱ्या भागाचे नकाशे आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी झाले आहेत.

तिसरी अडचण कागदाची. यादी बनते महसुली गावाच्या नावाने. गाव एक आणि त्याच्या वाड्या सहा-सात, कुठली टेपावर म्हणजे उंचवट्यावर, कुठली ओढ्याकाठी, कुठली पाऊण तासाच्या चढावर. इर्शाळवाडीला गाडीरस्ताच नव्हता, मदतीची माणसंही पायीच वर गेली. अशा वाडीत तलाठी, अभियंता, भूवैज्ञानिक यांच्यापैकी किती जण पावसाळ्यापूर्वी जातात, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. माळीणचं उदाहरण तर तुम्हाला पाठच असेल. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं ते गाव गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीवर आला तेव्हा गाव जागेवर दिसेना.

तुम्ही महाडचे आहात, तुमच्या भागाने २००५ ला जुई, दासगाव आणि २०२१ ला तळिये पाहिलं आहे. तेव्हा एवढं करा. शाळेतली जुनी मुलं हाताशी असतीलच. त्यांना घेऊन जून लागायच्या आत घरांच्या वरच्या उतारावर एकदा फिरून या. आपल्या डोंगरात काळ्या पाषाणाच्या थरांवर कुजलेल्या खडकाची जाड माती बसलेली असते आणि मधूनमधून लाल मातीचा घट्ट थर असतो. पाणी त्या लाल थराशी अडतं, वरची माती फुगते आणि घसरते. म्हणून बघायचं ते पाणी. डोंगराला आडवी गेलेली भेग आहे का आणि पाणी तिच्यात शिरतंय का, नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला का, नवा झरा कुठे फुटला का, झाडं किंवा विजेचे खांब कलले का. घराची दारं चौकटीत अडकायला लागली असतील तर तेही. यातलं एक जरी दिसलं तर फोटो काढून तहसीलदारांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठल्याच यादीत जात नाही.

मुलगी भूगोल घेऊन बी.एस्सी. झाली. तिला या नकाशांच्या कामात जायचं आहे. घरचे म्हणतात बी.एड. कर. हे काम नुसतं कॉम्प्युटरपुढे बसायचं असतं की फिरावंही लागतं? आणि नोकरी पक्की असते का?
(एक आई, सातारा)

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण घरात वाद त्याच्यावरूनच असणार. नोकरी बहुतेक वेळा पक्की नसते. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षांतली पुष्कळ पदं कंत्राटी आहेत, प्रकल्प संपला की माणूस मोकळा. सुदूर संवेदन म्हणजे उपग्रहासारख्या साधनांनी लांबून जमीन बघणं. त्यातल्या कायम स्वरूपाच्या जागा नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र अशा ठिकाणी असतात, पण त्या थोड्या आणि स्पर्धा मोठी. खासगीत काम आहे. पुण्यात सर्वेक्षणाच्या आणि सल्लागार कंपन्या आहेत, विमा कंपन्यांनाही हल्ली पुराचे नकाशे लागतात. नकाशाचं कौशल्य हातात असेल तर माणूस रिकामा बसत नाही, एवढं मी माझ्या आसपास बघते. पण वर्षं-दोन वर्षांनी जागा बदलायची मनाची तयारी हवी.

आता फिरण्याचं. आमचं वर्ष पावसावर चालतं. मार्च ते मे फिरती. गवत वाळलेलं असतं, झाडांचा पाला झडलेला असतो, उताराची खरी घडण तेव्हाच दिसते. जून ते सप्टेंबर पावसाचे आकडे, धरणांचे विसर्ग आणि रात्रीचे फोन. पाऊस उघडला की पुन्हा बाहेर, यंदा कुठे कुठे दरड आली त्याची नोंद करायला. यात घाई करावी लागते. रस्त्यावरचा मलबा जेसीबीने उचलून दरीत टाकला की कुठून आलं, किती आलं, हे सांगणारा पुरावाच गेला. आणि हिवाळाभर खुर्ची.

खुर्चीतलं काम म्हणजे काय, तेही सांगते. उपग्रहाच्या चित्रात ताजी दरड फिकट तपकिरी ओरखड्यासारखी दिसते. तिच्या कडेने माऊसने टिचकी मारत मारत हद्द आखायची. सोपं वाटतं. पण नाचणीसाठी नुकतं भाजलेलं रान, नवी खाण, रस्त्याचं कटिंग, सगळं चित्रात तसंच दिसतं. हळूहळू नजर तयार होते. खाणीकडे जाणारी वाट असते, दरडीकडे नसते. दरड वर अरुंद आणि खाली पसरट असते, बहुधा ओहोळाचा रस्ता धरते. भाजलेल्या रानाच्या कडा माणसाने आखलेल्या, सरळ असतात. दिवसभर हे केलं की डोळे चुरचुरतात आणि संध्याकाळी घरी जाताना रस्त्याकडेच्या प्रत्येक मातीच्या ढिगाकडे संशयाने बघायची सवय लागते.

फिरतीत मुलींची अडचण होते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. अडचण एकच, स्वच्छतागृहाची. राहायला वाडीत कुणाच्या तरी घरी सोय होतेच, सोबत कोतवाल किंवा पोलीस पाटील असतात. शिवाय बायकांशी बोलायला बाई गेली तर माहिती वेगळीच मिळते. पाण्याच्या वाटा बायकांना ठाऊक असतात, कारण हंडे त्यांच्या डोक्यावर असतात. मुलीला एकदा मे महिन्यात कोयनेच्या बाजूला कुठल्या तरी सर्वेक्षणात पाठवा. परत आल्यावर तिचं तीच ठरवेल. बी.एड. कुठे पळून जात नाही.

२०१९ च्या पुरात आमचा ऊस कितीतरी दिवस पाण्यात होता. नंतर कुणी तरी उपग्रहाचा पुराचा नकाशा मोबाइलवर दाखवला, त्यात माझं शेत कोरडं! उपग्रह खोटं बोलतो का? आणि एवढ्या ढगांतून त्याला दिसतं तरी कसं?
(ऊस उत्पादक, मिरज तालुका)

दादा, खोटं नाही बोलत, पण त्याला ऊस समजत नाही.

पुराच्या वेळी साधा कॅमेरा उपयोगाचा नसतो, ढगच दिसतात. म्हणून रडारचा उपग्रह वापरतात. तो स्वतः लहरी सोडतो आणि जमिनीवरून परत आलेल्या मोजतो. ढग, अंधार, पाऊस, त्याला काही अडत नाही. संथ पाण्यावर पडलेली लहर तिरकी निघून जाते, परत येत नाही, म्हणून पाणी चित्रात काळं दिसतं. काळं ते पुराचं, असा सरळ हिशोब लावून नकाशा होतो. आता ऑगस्टमधला तुमचा ऊस डोक्याच्या वर गेलेला. खाली कमरेएवढं पाणी असलं तरी वर पाला आहेच. लहर पाल्यावर आपटते किंवा पाणी आणि कांडं यांच्यामध्ये टप्पा खाऊन परत फिरते. चित्रात तुमचं शेत काळं दिसायच्या ऐवजी उजळ दिसतं. नकाशा करणाऱ्याने हे ध्यानात घेतलं नाही तर शेत कोरडं ठरतं. कृष्णाकाठी उसाचंच राज्य असल्यामुळे ही चूक इथे चांगलीच मोठी होते.

त्यात वेळेचा घोळ. पुराच्या नकाशांना सगळ्यात जास्त वापरला जाणारा युरोपचा सेंटिनल-१ उपग्रह आपल्यावरून जातो तो पहाटे किंवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला, आणि तोच उपग्रह त्याच मार्गावर पुन्हा येतो बारा दिवसांनी. पाणी मधल्या दिवसांत चढून उतरलं तर त्याच्या वहीत त्याची नोंद नाही. तिसरी गोष्ट बारकाव्याची. त्याच्या चित्राचा एक ठिपका साधारण दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा. हे वाईट नाही. पण पाणी किती खोल होतं ते काढायला जमिनीच्या उंचीचे जे फुकट नकाशे मिळतात, त्यांचा ठिपका तीस मीटरचा असतो. म्हणजे नऊ गुंठ्यांची मिळून एकच उंची, आणि तीतही झाडं-घरं मिसळलेली. बांधाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे कोरडं, हा फरक त्यात मावत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, उपग्रहाचं चित्र पंचनाम्याला जोड म्हणून ठीक, पंचनाम्याच्या जागी ते बसवू नये. पुढे सुधारणा होईल. इस्रो आणि नासाने मिळून केलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून वर गेला. त्याच्या एका रडारची लहर चोवीस सेंटिमीटरची आहे, सेंटिनलची साडेपाच. लांब लहर पाल्यातून खाली जास्त शिरते. उसाखालचं पाणी त्याला किती नीट ओळखता येतं, हे बघायची मला स्वतःला फार उत्सुकता आहे.

तोवर तुम्ही एक करू शकता. सांगलीत आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका. हे आकडे पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी असतात, पण ते पुलाचे आकडे आहेत. तुमच्या मळ्याचे आकडे तुम्ही काढा. पुलाला किती फूट असताना तुमच्या बांधाला पाणी लागतं, कितीला विहिरीची मोटर बुडते, कितीला गोठ्यात शिरतं. मोटारीच्या शेडच्या भिंतीवर तारखेसह रेघ मारा. २०१९ ला पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हाची खूण कुठे ना कुठे असेलच. दहा शेतकऱ्यांनी अशा रेघा दिल्या तर आम्ही त्यावरून जो नकाशा करू, तो पूर यायच्या आधी सांगेल की जनावरं कधी सोडायची. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याच्या ३९ आणि ४३ फुटांचं भाषांतर तिथले लोक मनातल्या मनात आपल्या गल्लीत करतातच. ते कागदावर आणायचं एवढंच.

चिपळूणमध्ये फ्लॅट बघतोय. बिल्डर म्हणतो, जागा निळ्या रेषेच्या बाहेर आणि लाल रेषेच्या आत आहे, परवानगी मिळालेली आहे, काळजी नको. शिवाय पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर २०२१ ला येऊन गेला, आता २०४६ पर्यंत निवांत. खरं आहे का?
(बँक कर्मचारी, रत्नागिरी)

तुम्ही बँकेत आहात, तेव्हा आकड्यांतच बोलू.

निळी रेषा म्हणजे सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. निळ्याच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मध्ये नियंत्रित, म्हणजे अटी घालून परवानगी. इथपर्यंत बिल्डर बरोबर.

पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे पंचवीस वर्षांची सुट्टी नव्हे. दर वर्षी शंभरात चार, एवढी शक्यता. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. तुमचं गृहकर्ज वीस वर्षांचं धरलं तर तेवढ्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता छपन्न टक्के. लाल रेषेवरच्या जागेलाही वीस वर्षांत अठरा टक्के. तुमची जागा दोन रेषांच्या मध्ये आहे, म्हणजे या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे तरी. एवढी जोखीम असलेल्या माणसाला तुमची बँक कर्ज देईल का? चिपळूणने २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ असे दोन मोठे पूर सोळा वर्षांत पाहिले. वाशिष्ठीत गाळ साठतो, खाडीला भरती असली की पाणी बाहेर पडत नाही, आणि रेषा आखताना धरलेलं पात्र काही दर वर्षी तसंच राहत नाही.

बिल्डरला दोन आकडे लेखी मागा. त्या ठिकाणी लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर आणि इमारतीच्या जोत्याची किती. दुसरं, शेजारच्या जुन्या इमारतींत जाऊन विजेच्या मीटरच्या पेट्या बघा. २०२१ नंतर त्या किती उंचीवर हलवल्या आहेत, यावरून पाणी कुठवर आलं होतं ते कळेल. फ्लॅट घ्यायचाच असेल तर वरच्या मजल्यावरचा घ्या आणि गाडीचा विमा पुरासकट.

मी दुसऱ्या वर्षाला आहे. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर थोडं येतं. पुढे कुठला कोर्स करू, कुठला लॅपटॉप घेऊ?
(विद्यार्थी, नाशिक)

सोळा जीबी रॅमचा कुठलाही घे, महागड्याच्या मागे लागू नकोस. क्यूजीआयएस फुकट आहे, सेंटिनलची चित्रं फुकट आहेत, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर बरंच काही मिळतं. देहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्स असतात, तेही विनाशुल्क. पुढे पुणे विद्यापीठ किंवा आयआयटी मुंबई, जिथे प्रवेश मिळेल तिथे. पण दोन गोष्टी कुठल्याच कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत, त्या आताच शिक. एक, सातबारा आणि गावनकाशा वाचणं. जुन्या गावनकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. तो उपग्रहचित्रावर बसवायचा तर तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, देऊळ असे ठिकाण जमिनीवर शोधून काढावे लागतात. दुसरं, खडक ओळखणं. नाशिकचा आहेस, अंजनेरीला जा, डोंगरकड्यातले थर मोज. सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलतं.

मी आयटीत आहे. आता एआय उपग्रहचित्रातून घरं आपोआप ओळखतं, मग तुम्ही लोक हाताने का काढत बसता? आणि शनिवार-रविवारी आम्ही काही मदत करू शकतो का?
(सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)

सिमेंटची गच्ची आणि निळा पत्रा यंत्र झकास ओळखतं. आंब्याखालचं कौलारू घर निम्म्या वेळा सुटतं. धनगरवाड्यातलं गवताने शाकारलेलं छप्पर तर आजूबाजूच्या माळासारखंच दिसतं, ते हमखास सुटतं. म्हणजे ज्यांच्यापर्यंत मदत उशिरा पोचते तेच नेमके नकाशातून गळतात. यंत्राने काढलेलं आम्ही वापरतो, पण मग माणसाने बसून तपासतो.

मदत जरूर करा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या ऑनलाइन नकाशावर खातं उघडा आणि तुमच्या मूळ गावापासून सुरुवात करा. घरं तर काढाच, पण त्याहून गरज आहे ती नावांची. एकेका तालुक्यात ठाकरवाडी नावाच्या कितीतरी वाड्या असतात. रात्री नियंत्रण कक्षात फोन येतो, "ठाकरवाडीत माती आलीय", आणि पहिली दहा मिनिटं कुठली ठाकरवाडी हे कळण्यात जातात. आजीला फोन करा, वाड्यांची, ओढ्यांची, टेपांची नावं विचारून घ्या आणि नकाशावर टाका.

आमची वाडी डोंगरउतारावर आहे. तज्ज्ञ येतील तेव्हा येतील. आम्ही गावकरी स्वतः धोक्याचा नकाशा करू शकतो का? त्याला काही किंमत असते का?
(महिला सरपंच, पाटण तालुका)

सरपंचताई, करू शकता, आणि काही बाबतींत तो आमच्यापेक्षा सरस होतो.

तुमच्याच तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही हे केलं होतं. देवळाच्या सभामंडपात फरशीवर खडूने. आधी पुरुष पुढे आले. त्यांनी रस्ता काढला, देऊळ काढलं, शाळा, टाकी, नेत्याच्या नावाची कमान. सगळं नीटनेटकं. मग खडू बायकांकडे दिला. त्यांनी झरे काढले, वैरणीला जायच्या पायवाटा काढल्या, कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो ते सांगितलं. एक आजी खांबाला टेकून बघत होत्या. त्या उठल्या आणि शाळेच्या वरच्या बाजूला बोटाने एक वाट दाखवली. इथून एकदा दगडमाती आली होती म्हणाल्या. कधी? त्यांना साल सांगता येईना. मग आम्ही विचारलं, भूकंपाच्या आधी की नंतर? पाटण-कोयनेत ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ही सगळ्यांची खूणगाठ असते. त्या म्हणाल्या, भूकंपाच्या नंतर, थोरला पोटात असताना. थोरल्याचं वय विचारून साल निघालं. दुसऱ्या दिवशी त्या वाटेने वर गेलो तर ओहोळाच्या दोन्ही काठांना गोल न झालेले, धारदार कडांचे मोठे दगड मातीत अर्धे रुतलेले. पाण्याने हळूहळू आणलेले दगड गुळगुळीत असतात, हे तसे नव्हते. उपग्रहाच्या चित्रात तिथे दाट झाडी आहे. आजी नसत्या तर आम्हाला ती वाट दिसली नसती. आणि आणीबाणीत गोळा व्हायची जागा म्हणून कागदावर लिहिलेली शाळा त्या वाटेच्या तोंडावरच होती.

तेव्हा तुमच्या नकाशात सगळ्यात आधी हे तपासा. जमायची जागा कुठल्याही ओहोळाच्या तोंडावर नको, तिथे जायची वाट ओढा ओलांडणारी नको. मोठ्या पावसात गुडघाभर ओढाही माणूस नेतो. अंथरुणाला खिळलेली माणसं, दिवस गेलेल्या बायका, एकटे म्हातारे ज्या घरांत आहेत त्या घरांवर वेगळी खूण करा. त्यांना उचलून कोण नेणार ते ठरवा.

पाऊस मोजायला महागडं यंत्र लागत नाही. उभ्या भिंतींचा, वर-खाली सारख्या रुंदीचा डबा उघड्यावर, झाडापासून आणि छपरापासून लांब ठेवायचा आणि सकाळी पट्टीने पाणी मोजायचं. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. वहीत लिहायचं. तालुक्याच्या पर्जन्यमापकावर शंभर असताना तुमच्या टेपावर दोनशे असू शकतं, हे त्या वहीतूनच कळेल. किती झालं की घरं सोडायची, हा आकडा गावागणिक वेगळा. तो तहसीलच्या आपत्ती कक्षाशी बोलून ठरवा आणि डब्यावरच रंगाने रेघ मारून ठेवा.

नकाशाच्या तीन प्रती करा, प्लास्टिकचं आवरण घालून. एक ग्रामपंचायतीत, एक पोलीस पाटलांकडे, एक तहसीलला. मोबाइलवर असू दे, पण भरवसा ठेवू नका. पाऊस मोठा झाला की आधी वीज जाते, मग टॉवर. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर नकाशाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहा. आणि रात्री दोन वाजता, भर पावसात, "उठा, निघा" हे कोण म्हणणार त्याचं नावही तिथेच लिहा. दोन नावं लिहा. एखादा नेमका मुंबईला गेलेला असतो.